तेलवाल्याच्या मुलीचा नॉर्वे

नॉर्वेत काय पाहावं हे सांगणाऱ्यांची आता वाण नाही. प्रवासी कंपन्यांच्या गुळगुळीत पुस्तिका उघडल्या की ठरलेली चित्रं समोर येतात. दोन्ही बाजूंना उभे कडे आणि मधे हिरवंनिळं पाणी, कोळ्यांची लाल लाकडी घरं, मध्यरात्री क्षितिजावर टेकलेला सूर्य. आमच्या ओळखीतले पुण्या-मुंबईचे लोकही हल्ली उन्हाळ्यात तिकडे जातात आणि आठवड्याभरात तीन देश उरकून येतात. ही स्थळं सुंदर आहेत यात शंका नाही. ज्यांना जमेल त्यांनी जरूर जावं. पण तिथे तीन आठवडे फिरताना मला एक गोष्ट पुन:पुन्हा जाणवली. या देशातलं जवळजवळ प्रत्येक नामांकित ठिकाण मुळात कुणाच्या तरी राबण्याचं ठिकाण आहे. पाहणारे फार उशिरा आले. त्यांच्या आधी शेकडो वर्षं तिथे कुणी गवत कापत होतं, कुणी मासळी सुकवत होतं, कुणी कातळ फोडत होतं.

हेच माझ्या डोळ्यांत का भरलं, त्याचं कारण घरातलं आहे. माझे अब्बा बोटीवर होते. बाणकोटच्या खाडीकाठच्या आमच्या गावात घराआड एक माणूस बोटीवर असायचा. कुणी सारंग, कुणी टंडेल, कुणी भंडारी. अब्बा इंजिनात तेलवाले होते. १९७२ आणि १९७४ अशा दोन हिवाळ्यांत त्यांची मालबोट नॉर्वेतल्या नार्विक बंदराला लोखंडाची माती भरायला गेली होती. आम्ही मुलं विचारायचो, "अब्बा, नॉर्वे कसा आहे?" ते म्हणायचे, "गरम." आम्ही हसायचो, पण ते थट्टा करत नसत. त्यांचा नॉर्वे म्हणजे बोटीच्या पोटातली इंजिनाची खोली. काम संपवून वर यावं तर बाहेर अंधार, कारण डिसेंबरात त्या भागात सूर्य उगवतच नाही. दोनदा जाऊनही त्यांनी तो देश पाहिला नव्हता.

त्या अंधाराची त्यांना किंमतही मोजावी लागली. सुट्टीवर घरी आले असताना मशिदीच्या ओट्यावर कुणीतरी विचारलं, सूर्य नाही तर नमाज कशी पढलात? अब्बांनी सरळ सांगितलं, "बोटीच्या घड्याळावर." गावातले एक बुजुर्ग चारचौघांत म्हणाले, "वक्तच झाला नाही तर नमाज कसली? त्या सगळ्या गेल्या." अब्बा उलट बोलणाऱ्यांतले नव्हते. त्यांनी दोन्ही खेपांचे दिवस मोजले आणि रोजच्या नमाजीमागे एक कजा नमाज पढायला सुरुवात केली. मुसल्ल्यावरून त्यांचं उशिरा उठणं मला अजून आठवतं. कजा पुऱ्या झाल्या तरी मनातली रुखरुख गेली नाही. "ते दिवस माझ्या हिशेबात कच्चेच राहिले," असं ते शेवटपर्यंत म्हणायचे.

माझा मुलगा ऑस्लोत नोकरीला लागला आणि २०२३ च्या जूनमध्ये त्याने मला बोलावून घेतलं. शाळेतून निवृत्त झाले होते, गुडघे अजून साथ देत होते. मुलगा, सून आणि मी असे आम्ही तिघं निघालो.

ऑस्लोहून बर्गनला जाणारी रेल्वे १९०९ साली पुरी झाली. वाटेत फिन्से नावाचं स्टेशन लागतं. ते समुद्रसपाटीपासून १,२२२ मीटर उंचीवर आहे आणि नॉर्वेच्या रेल्वेवरचं सगळ्यांत उंच स्टेशन आहे. जून असूनही रुळांच्या दोन्ही अंगांना बर्फ होता. हा मार्ग बांधणाऱ्या मजुरांना तिकडे 'रालार' म्हणतात. ज्या रस्त्याने ते सामान वाहत, तो आज सायकलस्वारांचा आवडता रस्ता आहे आणि त्याचं नाव अजून मजुरांवरूनच आहे, 'रालारवेगेन'. म्यूरडाल स्टेशनात आम्ही गाडी बदलली आणि फ्लोमला उतरणारी छोटी गाडी पकडली. जगभरचे प्रवासी या गाडीसाठी येतात. अवघ्या वीस किलोमीटरांत ती ८६० मीटरांहून जास्त उतरून थेट समुद्राच्या पातळीवर येते. वाटेत वीस बोगदे आहेत, त्यांतले अठरा माणसांनी हातांनी खणलेले. धबधब्याजवळ गाडी थांबली, सगळे फोटो काढायला उतरले. फवारा अंगावर येत होता. मी मात्र मागे वळून बोगद्याचं तोंड पाहत राहिले. कातळावर छिन्नीचे घाव असतील का, हे शोधत होते.

फ्लोमला रेल्वे संपते आणि फियॉर्ड सुरू होतो. फियॉर्ड म्हणजे खाडी असं आपण शाळेत शिकतो आणि शिकवतोही, पण दोन्हींत फरक आहे. आमच्या बाणकोटच्या खाडीत जसजसं आत जावं तसतसं पाणी उथळ होत जातं. फियॉर्ड हिमनदीने कोरलेला असतो. बर्फाचं ओझं आतल्या बाजूला जास्त, म्हणून खोलीही आतच जास्त, आणि समुद्राकडच्या मुखाशी उंबरठ्यासारखा उंचवटा. सोग्नेफियॉर्ड दोनशे किलोमीटरांहून लांब आणि सर्वांत खोल जागी १,३०० मीटरांहून खोल आहे. त्याचाच एक फाटा म्हणजे नॅरॉयफियॉर्ड. लांबी सतरा किलोमीटर, आणि सगळ्यांत अरुंद जागी रुंदी जेमतेम अडीचशे मीटर. इथला नॅरॉयफियॉर्ड आणि उत्तरेकडचा गायरांगरफियॉर्ड या दोघांना २००५ साली युनेस्कोच्या जागतिक वारशात स्थान मिळालं.

फ्लोमहून गुडवांगेनपर्यंत आम्ही ज्या बोटीतून गेलो ती विजेवर चालणारी होती. काहीच आवाज नाही. कड्यांवरून कोसळणाऱ्या पाण्याचा आणि शेळ्यांच्या घंटांचा आवाज स्पष्ट ऐकू येत होता. धुराने फियॉर्डची हवा कोंदते, म्हणून वारसा-फियॉर्डांत प्रदूषण करणाऱ्या प्रवासी बोटी बंद कराव्यात, असा ठराव नॉर्वेच्या संसदेने २०१८ साली केला. लहान बोटींना २०२६ पासून आणि मोठ्यांना २०३२ पासून, अशी मुदत पुढे ठरली. मुलगा म्हणाला, "अम्मा, या बोटीवर नानांना काम मिळालं नसतं." मी म्हटलं, "काम नसतं मिळालं, पण वर उभं राहून बघायला तर मिळालं असतं."

बर्गनला पावसाने गाठलं. ते शहर पावसासाठीच प्रसिद्ध आहे. कोकणातल्या माणसाला त्याचं काय! छत्री उघडून आम्ही ब्रिग्गेन पाहायला गेलो. बंदराकाठी एकमेकांना टेकून उभी असलेली लाकडी घरं, लाल, पिवळी, पांढरी. १७०२ च्या आगीत हा भाग जळाला आणि जुन्याच आखणीवर पुन्हा उभारला गेला. १९७९ पासून तोही जागतिक वारसा आहे. फोटोत घरंच येतात. पण ती बांधली गेली सुक्या मासळीसाठी. उत्तरेकडची मासळी इथे यायची, जर्मन हान्सा व्यापाऱ्यांच्या वखारींत भरली जायची आणि युरोपभर जायची. त्या बोळांतून जाताना तेलकट, जुन्या लाकडाचा वास येतो. मला हर्णैच्या बंदराची आठवण झाली.

बर्गनहून गाडी भाड्याने घेऊन आम्ही गायरांगरला गेलो. नॉर्वेचं एकच चित्र पाहिलं असेल तर ते बहुधा इथलं असतं. पंधरा किलोमीटरांचा फियॉर्ड आणि 'सात बहिणी' नावाचा धबधबा. गाव अडीचशेच्या आसपास वस्तीचं, पण उन्हाळ्यात एकेका बोटीतून हजारो माणसं उतरतात. आम्ही लहान बोटीतून निघालो तेव्हा वाटाड्याने वर बोट दाखवलं. कड्याच्या अरुंद पायरीवर, पाण्यापासून अडीचशे मीटर उंचीवर, गवताळ छपरांची दोन-चार घरं चिकटलेली. त्या शेतघरांना स्कागेफ्लो म्हणतात. इथे माणसं राहत होती. शेळ्या पाळत, गवत कापत, तेच विकून मीठ-पीठ आणत. सारावसुली करणारा येताना दिसला की ती वाटेवरची शिडी वर ओढून घेत, अशी दंतकथा सांगतात. समोरच्या अंगाला क्नीव्सफ्लो आहे. वरचा कातळ कोसळेल या भीतीने तिथली माणसं घर सोडून गेली. स्कागेफ्लोही पुढे ओसाड पडलं. १९९३ साली नॉर्वेचे राजे हाराल्ड आणि राणी सोन्या यांनी लग्नाचा पंचविसावा वाढदिवस तिथे जाऊन साजरा केला, तेव्हापासून तिथे चढून जाणाऱ्यांची रीघ लागली.

कातळाची भीती उगाच नव्हती. जवळच्याच टाफ्योर्डमध्ये ७ एप्रिल १९३४ च्या पहाटे डोंगराचा एक भाग पाण्यात कोसळला. साठ मीटरांहून उंच लाट उठली आणि काठची चाळीस माणसं गेली. आजही गायरांगरकडे येणाऱ्या वाटेवरच्या ओकरनेसेट या डोंगराची भेग दरवर्षी काही सेंटीमीटरांनी रुंदावते आहे. यंत्रं तिच्यावर रात्रंदिवस नजर ठेवून असतात आणि खालच्या गावांत भोंगे बसवले आहेत. आमच्या मुक्कामाच्या घराची मालकीण चहा देता देता हे सांगत होती. सुनेने विचारलं, "मग भीती नाही वाटत?" ती म्हणाली, "वाटते. पण घर इथेच आहे." धरणाखाली, दरडीखाली राहणाऱ्या आपल्याकडच्या कुठल्याही बाईने हेच उत्तर दिलं असतं. फरक एवढाच की हिच्यासाठी भोंगा बसवला आहे आणि तो वाजतो की नाही हे अधूनमधून तपासलं जातं.

ओलेसुंडहून विमानाने आम्ही बोडोला गेलो आणि तिथून साडेतीन तासांच्या बोटीने लोफोटेन बेटांवर. समुद्रातून डोंगरांची करवत उगवल्यासारखी ही बेटं दिसतात. हॅमनॉय, राईने, हेनिंग्सव्हेर ही गावं प्रत्येक पुस्तिकेच्या मुखपृष्ठावर असतात. सगळ्यांत शेवटच्या गावाचं नाव एकाक्षरी, 'ओ'. नॉर्वेजियन वर्णमालेतलं ते शेवटचं अक्षर, आणि अर्थ लहान नदी. फोटोतली लाल घरं म्हणजे 'रोरबू'. दर हिवाळ्यात मासेमारीसाठी बाहेरून येणाऱ्या कोळ्यांच्या राहण्याच्या खोल्या. आज त्यांचं एका रात्रीचं भाडं ऐकून मी मुलाला दोनदा विचारलं, "क्रोनर की रुपये?"

जानेवारी ते एप्रिल या काळात बारंट्स समुद्रातले कॉड मासे अंडी घालायला लोफोटेनला येतात. ते पकडून, डोकं आणि आतडी काढून, शेपटीला शेपटी बांधून लाकडी मांडवांवर टांगतात. मीठ अजिबात नाही. हवा शून्याच्या आसपास राहिली पाहिजे. फार गारठा पडला तर मासा गोठून बिघडतो, ऊब आली तर किडतो. मे-जूनपर्यंत लाकडासारखा कडक होतो आणि मग वर्षानुवर्षं टिकतो. आम्ही पोहोचलो तेव्हा शेवटची मासळी उतरवणं चाललं होतं. उत्तम माल इटलीला जातो. १४३२ साली पिएत्रो क्वेरिनी हा व्हेनिसचा कप्तान वादळात जहाज गमावून इथल्या रोस्ट बेटाकाठी लागला आणि परतताना सुकी मासळी घेऊन गेला, ही गोष्ट तिथे लहान मुलंही सांगतात. डोकी नायजेरियाला जातात, कालवणासाठी. माशाच्या जिभा कापायचं काम मुलांचं, आणि पैसेही त्यांचेच.

त्या मांडवांखाली उभी राहिले आणि वासाने मी थेट घरी पोहोचले. आपल्याकडे वलांड्यांवर बोंबील असेच तोंडात तोंड अडकवून सुकवतात. आमच्याकडे मीठ लावलेले बांगडे, सोडे, सुकट पावसाळ्यासाठी डब्यात भरलेलं असायचं. शेजारी दोन प्रवासी नाकाला रुमाल लावून घाईने पुढे गेले. मांडवाखाली काम करणाऱ्या बाईने माझ्याकडे पाहिलं. मी खुणेने विचारलं, हात लावू का? तिने एक मासा काढून माझ्या हातात दिला. मी तो बोटाने वाजवून पाहिला, आमच्याकडे सुका बोंबील पारखताना करतात तसा. ती खूश होऊन हसली आणि तिनेही आपल्या हातातला मासा वाजवून दाखवला. एकमेकींची भाषा येत नव्हती, पण दहा मिनिटं आमचं बरं चाललं होतं.

राईनेच्या मागे राईनेब्रिंगेन नावाचा ४४८ मीटरांचा डोंगर आहे. वरून दिसणारा देखावा जगप्रसिद्ध. निसरड्या वाटेवर अपघात होऊ लागले, तेव्हा तिथे दगडी पायऱ्या घालायचं ठरलं, आणि ते काम करायला नेपाळहून शेर्पा आणले गेले. दीड हजारांहून जास्त पायऱ्या आहेत. नॉर्वेतल्या इतर अनेक डोंगरांवरही त्यांनीच वाटा बांधल्या आहेत. मुलगा आणि सून वर गेले. मी पहिल्या पन्नासेक पायऱ्या चढले आणि एका सपाट दगडावर बसले. किती नीट बसवलेला दगड होता तो! वर जाणारे सगळे धापा टाकत देखाव्याबद्दल बोलत होते. ज्याने तो दगड बसवला तो आता कुठे असेल, पैसे घेऊन गावी गेला असेल, घर बांधलं असेल, मुलांनी त्याला विचारलं असेल, नॉर्वे कसा आहे?

लोफोटेनहून निघणाऱ्या ई-१० या रस्त्याने आम्ही नार्विककडे निघालो. नार्विक प्रवाशांच्या यादीत फारसं नसतं. स्वीडनमधल्या किरुनाच्या खाणींतलं लोखंड रेल्वेने इथे येतं. हा रेल्वेमार्ग १९०३ साली रीतसर खुला झाला. इतक्या उत्तरेला असूनही अटलांटिकच्या उबदार प्रवाहामुळे इथलं पाणी हिवाळ्यात गोठत नाही, म्हणून बंदर बारमाही. याच लोखंडासाठी १९४० साली इथे मोठी लढाई झाली. आम्ही पोहोचलो तेव्हा रात्रीचे दहा वाजले होते आणि लख्ख ऊन होतं. धक्क्याला एक भलीमोठी मालबोट लागलेली, तिच्यात काळसर माती ओतली जात होती. पलीकडे बर्फाच्या टोप्या घातलेले डोंगर, मधे स्वच्छ फियॉर्ड. अब्बांच्या डोक्यावर, लोखंडाच्या पत्र्यापलीकडे, हे सगळं होतं.

मी तिथे बराच वेळ उभी राहिले. रडू आलं नाही. बोटीच्या कठड्याशी निळ्या कपड्यातला एक खलाशी विडी ओढत उभा होता. कुठल्या देशाचा ते कळलं नाही. मी हात हलवला, त्यानेही हलवला आणि पाच मिनिटांत आत गेला. त्याची पाळी सुरू झाली असावी.

शेवटचा मुक्काम ट्रोमसो. ६९ अंश उत्तरेहून पलीकडचं शहर. मे महिन्याच्या विसाव्या तारखेच्या सुमारास उगवलेला सूर्य जुलैच्या तिसऱ्या आठवड्यानंतरच मावळतो, आणि नोव्हेंबरअखेर ते जानेवारीच्या मध्यापर्यंत उगवतच नाही. उडनखटोल्यातून ४२१ मीटर उंच स्टूरस्टाईनेनवर गेलात की सगळं शहर पायाशी दिसतं. मध्यरात्री तिथे माणसं जत्रेसारखी जमली होती. मी मात्र दुसऱ्या दिवशी मशीद शोधायला सांगितलं.

मशीद साधी, घरासारखी. नमाजीला येणारे सोमाली, अरब, अफगाण, कुठकुठले. बायकांच्या खोलीत एक सोमाली बाई भेटली, इस्पितळात काम करणारी. मोडक्या इंग्रजीत मी विचारलं, "सूर्य मावळत नाही तर मगरिब कधी?" तिने भिंतीवरचा छापील तक्ता दाखवला. तिथले बरेच जण अशा महिन्यांत मक्केच्या वेळा पाळतात, काही जण जिथे सूर्य मावळतो अशा दक्षिणेकडच्या शहराच्या. ती म्हणाली, दिवस वर्षाएवढा लांबला तर नमाजीचं काय, हा सवाल खुद्द पैगंबरसाहेबांना (स.) सहाबांनी विचारला होता, आणि अंदाजाने वेळा धरा, असं उत्तर मिळालं होतं. आमच्या कोकणी मुसलमानांच्या शाफई मताच्या किताबांतही जवळच्या मुलखाच्या वेळेचा अंदाज धरण्याचा मार्ग आहे, हे नंतर मी खात्री करून घेतलं. मामला नवा नाहीच. ९२१ साली बगदादहून निघालेला इब्न फदलान व्होल्गाकाठच्या बुल्गार लोकांकडे पोहोचला, तेव्हा तिथल्या उन्हाळ्यातल्या तोकड्या रात्रीने तोही चक्रावला होता. इशाच्या अजानची वाट पाहत तंबूत गप्पा मारत बसला, आणि अजान झाली ती फजरची. मुअज्जिनाने त्याला सांगितलं की इथे इशा मगरिबीबरोबरच पढून टाकतात, आणि फजर चुकेल म्हणून महिनाभर मी रात्री झोपलेलो नाही. त्याच प्रवासात त्याने स्कँडिनेव्हियाकडचे मानले जाणारे रूस व्यापारी पाहिले आणि त्यांचं सविस्तर वर्णन लिहून ठेवलं.

म्हणजे हजार-अकराशे वर्षांपूर्वी ज्याचं उत्तर माणसांनी समजुतीने शोधलं होतं, ते आमच्या गावच्या ओट्यापर्यंत पोहोचलं नव्हतं. कुणालाही न विचारता, इंजिनाच्या उष्म्यात, बोटीच्या घड्याळाकडे पाहून अब्बांनी तेच केलं होतं.

त्या रात्री, म्हणजे घड्याळाच्या रात्री, मी हॉटेलच्या खोलीत इशा पढले. पडद्याच्या फटीतून ऊन मुसल्ल्यावर येत होतं. दुवेत अब्बांचं नाव घेतलं. त्यांच्या दोन हिवाळ्यांच्या नमाजा वक्तावरच झाल्या होत्या.